वाचकांचे प्रश्न : जाहीरनाम्यावर सही करणारे डॉ. रश

मागच्या अंकातील दिनविशेषात ४ जुलैच्या नोंदीखाली आम्ही चार ओळी दिल्या होत्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांत फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश होते आणि १७९३ च्या पिवळ्या तापात त्यांच्याच उपचारांवरून शहरात रण माजले, एवढेच त्यात होते. त्यावर नाशिक शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत. तापाबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते, म्हणून जागाही त्यालाच जास्त दिली आहे.

प्रश्न : रश २० जुलै १७७६ ला काँग्रेसवर (तेव्हाच्या अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधी सभेवर) निवडून आले असे एका पुस्तकात वाचले. मग ४ जुलैच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही कशी? शिवाय त्यांची जन्मतारीख दोन ठिकाणी दोन सापडते. मुलांना कोणती सांगावी? — एक शिक्षिका, पंचवटी

उत्तर : पुस्तक बरोबर आहे. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला मंजूर झाला आणि जाहीरनाम्याचा मजकूर ४ जुलैला. दोन्ही दिवशी रश सभागृहात नव्हता. पेन्सिल्वेनियाच्या, म्हणजे रशच्या प्रांताच्या, प्रतिनिधींपैकी काही जण स्वातंत्र्याच्या विरोधात होते, काही मतदानाला फिरकलेच नाहीत. म्हणून प्रांताने २० जुलैला नवे प्रतिनिधी नेमले आणि त्यात रशचा नंबर लागला. सह्यांसाठी चर्मपत्रावर लिहिलेली स्वच्छ प्रत तयार होऊन बहुतेकांच्या सह्या झाल्या त्या २ ऑगस्टला. त्या दिवशी जो प्रतिनिधी होता त्याने सही केली. ज्याने मत दिले नव्हते त्याची सही आणि ज्याने दिले होते त्याची नाही, असे एकाहून अधिक जणांच्या बाबतीत झाले आहे.

रश तेव्हा तीस वर्षांचा होता. त्याचे सासरे रिचर्ड स्टॉक्टन यांचीही सही त्याच कागदावर आहे. जॉन विदरस्पून यांचीही आहे, आणि त्यांना स्कॉटलंडहून अमेरिकेत यायला राजी करण्यात विद्यार्थिदशेतल्या रशचा मोठा वाटा होता. वैद्यकी करणारे सहीकर्ते चार : रश, जोसाया बार्टलेट, मॅथ्यू थॉर्नटन आणि लायमन हॉल. ऑलिव्हर वॉलकॉट वैद्यक शिकला होता पण त्या धंद्यात राहिला नाही. त्यामुळे काही पुस्तके पाच डॉक्टर म्हणतात.

जन्मतारखेचे असे आहे. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींनी सप्टेंबर १७५२ मध्ये पंचांग बदलले आणि ११ दिवस गाळले. जुन्या पद्धतीने रशचा जन्म २४ डिसेंबर १७४५, नव्या पद्धतीने ४ जानेवारी १७४६. दोन्ही तारखा बरोबर आहेत. मुलांची चूक होते ती दिवस एका पद्धतीचा आणि साल दुसऱ्या पद्धतीचे घेतल्याने. २४ डिसेंबर १७४६ असे लिहिले की वर्षाचा फरक पडतो. एकच जोडी पाठ करून घ्या.

प्रश्न : त्या काळी डॉक्टर होण्याची पद्धत काय होती? परीक्षा, इंटर्नशिप असे काही होते का? — नर्सिंगची विद्यार्थिनी, आडगाव

उत्तर : इंटर्नशिपच आधी असायची, आणि बहुतेकांची तीच शेवटचीही. नामांकित डॉक्टरच्या हाताखाली काही वर्षे उमेदवारी केली की माणूस डॉक्टर म्हणून पाटी लावायचा. पदवी घेणारे थोडे.

रशचे वडील बंदुका तयार करायचे आणि शेतीही पाहायचे. ते गेले तेव्हा हा पाच वर्षांचा होता. आईने किराणा दुकान चालवून मुले वाढवली. आठव्या वर्षी मावशीच्या यजमानांच्या शाळेत, १७६० मध्ये चौदाव्या वर्षी कॉलेज ऑफ न्यू जर्सीची, म्हणजे आजच्या प्रिन्स्टनची, पदवी. मग १७६१ पासून डॉ. जॉन रेडमन यांच्याकडे सुमारे साडेपाच वर्षे. उमेदवाराची कामे ठरलेली : औषधे कुटणे आणि मिसळणे, पुड्या बांधणे, जखमा धुऊन पट्ट्या करणे, रात्री रोग्याजवळ बसणे, वहीत येणे-देणे मांडणे. याच काळात तो डॉ. विल्यम शिपेन यांच्या शरीररचनेच्या व्याख्यानांना जाऊन बसायचा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे राजकारणात भेटेल.

१७६६ मध्ये तो एडिंबराला गेला, १७६८ मध्ये एम. डी. झाला. प्रबंध लॅटिनमध्ये, विषय पोटात अन्न कसे पचते. प्रयोग स्वतःवर : जेवायचे, ठरावीक वेळ थांबायचे, वांतीचे औषध घेऊन ते बाहेर काढायचे आणि आंबटपणा तपासायचा. पोटातले आम्ल अन्न आंबल्यामुळे तयार होते असा निष्कर्ष त्याने काढला, तो चुकीचा होता. जठर स्वतः आम्ल स्रवते हे नंतर सिद्ध झाले.

एडिंबरात जोसेफ ब्लॅक यांच्याकडे रसायनशास्त्र शिकल्याचा लगेच फायदा झाला. १७६९ मध्ये परतल्यावर तेविसाव्या वर्षी तो फिलाडेल्फियाच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १७७० मध्ये त्याने आपल्या व्याख्यानांची रूपरेषा छापली. अमेरिकेत छापलेले रसायनशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक म्हणून तिची नोंद होते. विल्यम कलन हे एडिंबरातले दुसरे गुरू. सर्व रोगांची वर्गवारी करून त्यांना एका तत्त्वात बसवण्याची ओढ कलनकडची. शिष्य त्यात गुरूच्या चार पावले पुढे गेला. पुढच्या उत्तरातला सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

प्रश्न : १७९३ च्या तापात रश नेमके कोणते उपचार देत? मात्रा किती? त्याने माणसे मेली असतील तर त्यांना स्वतःला ते कळले कसे नाही? — निवृत्त औषधनिर्माते, इंदिरानगर. अशाच आशयाची पत्रे कॉलेज रोड, सातपूर आणि मनमाडहून.

उत्तर : आधी परिस्थिती. फिलाडेल्फिया तेव्हा देशाची राजधानी, वस्ती सुमारे पन्नास हजार. त्या उन्हाळ्यात सेंट-डोमिंग, म्हणजे आजच्या हैतीतून, यादवीला कंटाळून पळालेले लोक जहाजांनी आले. ऑगस्टमध्ये धक्क्याजवळच्या वॉटर स्ट्रीटवर माणसे तापाने मरू लागली. १९ ऑगस्टला रशला तिथे एका रोग्यासाठी बोलावले. जवळच्या धक्क्यावर कुजलेल्या कॉफीचा ढीग पडला होता, वास भयंकर. १७६२ ची साथ उमेदवार असताना त्याने पाहिली होती. हा पिवळा तापच आहे असे त्याने सर्वांआधी ठासून सांगितले. निदान बरोबर होते. कारण म्हणून त्याने कॉफीकडे बोट दाखवले, ते चुकले.

सुरुवातीला त्याने त्या वेळचे सौम्य उपाय केले : सिंकोनाची साल, वाइन, फोड आणणारे लेप, व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या चादरी. रोगी जातच राहिले. मग त्याला जॉन मिचेल या डॉक्टरने १७४१ च्या व्हर्जिनियातल्या साथीवर लिहिलेले हस्तलिखित आठवले. बेंजामिन फ्रँकलिनने ते त्याला पूर्वी दिले होते. नाडी क्षीण असली तरी रोग्याला जोरदार रेच द्यायला घाबरू नये, असे मिचेलने लिहिले होते. रशला धीर आला.

मात्रा अशी. कॅलोमेल (पाऱ्याचा क्लोराइड) १० ग्रेन आणि जॅलप १० ग्रेन, पुढे जॅलप १५ ग्रेन. जॅलप म्हणजे मेक्सिकोतल्या एका वेलीचे मूळ, कडक रेचक. एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणजे एका पुडीत सुमारे ६५० मिलिग्रॅम कॅलोमेल आणि ९७० मिलिग्रॅम जॅलप. चार-पाच मोठे जुलाब होईपर्यंत दर सहा तासांनी एक पुडी. तीन पुड्या गेल्या तर पोटात जवळजवळ दोन ग्रॅम पाऱ्याचे मीठ. मागणी इतकी वाढली की एकेक पुडी तोलायला वेळ उरेना. विद्यार्थी मिश्रण एकदम कालवू लागले आणि औषधाच्या दुकानांतून छापील सूचनांसह ते विकले जाऊ लागले.

सोबत रक्त काढणे. कोपराच्या वर तीन-चार बोटे पट्टी आवळायची, शीर फुगली की लॅन्सेटने (छोट्या धारदार सुरीने) तिरका छेद द्यायचा, खाली भांडे धरायचे. या कामाच्या कथलाच्या वाडग्यांना आतून औंसांची वर्तुळे कोरलेली असत. हवे तेवढे निघाले की पट्टी सोडून कापडाची घडी दाबून बांधायची. एरवी एका वेळेला १० ते १२ औंस, म्हणजे ३०० ते ३५० मिलिलिटर, आजच्या रक्तदानाइतके. फरक एवढाच की रक्तदात्याला पुन्हा तीन महिने बोलावत नाहीत. रश दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचा, तिसऱ्या दिवशीही. पाच दिवसांत ७० ते ८० औंस काढलेले रोगी त्याने स्वतः नोंदले आहेत. ८० औंस म्हणजे सुमारे २.४ लिटर. प्रौढ माणसाच्या अंगात सगळे मिळून पाच लिटरच्या आसपास रक्त असते.

हिशेब चुकला तो इथे. माणसाच्या शरीरात २५ पौंड, म्हणजे ११ किलोहून जास्त रक्त असते असे रश धरून चालला होता. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच असते. त्यातले चार-पंचमांश काढले तरी चालेल असेही त्याचे मत होते. पाया दुप्पट, त्यावरचे प्रमाण अविचारी.

आता न कळण्याचे कारण. रशच्या सिद्धांतानुसार सगळे ताप मुळात एकच, रक्तवाहिन्यांना आलेला ताण. ताण उतरवला की रोग उतरला. रक्त काढल्यावर उसळती नाडी मऊ व्हायची, तळमळणारा रोगी शांत पडायचा, कधी मूर्च्छा यायची. ही सगळी रक्तस्रावाच्या शॉकची लक्षणे. रशच्या वहीत ती सुधारणेच्या खाती जमा होत. कॅलोमेलने हिरड्या सुजून तोंडातून लाळ गळू लागली की तेही त्याला औषध लागू पडल्याचे चिन्ह वाटे. ती पाऱ्याची विषबाधा. जुलाब आणि वांत्यांनी अंगातले पाणी आधीच गेलेले असे, त्यात रक्त जायचे. शिवाय पिवळ्या तापात यकृत बिघडते आणि रक्त गोठवणारे घटक कमी पडतात. म्हणजे छेद दिलेली जागा नेमकी याच रोगात लवकर बंद होत नाही.

दुसरे कारण रोगाच्या चालीत आहे. तीन-चार दिवस ताप, मग उतार, आणि बहुतेक रोगी तिथूनच बरे होतात. शंभरातल्या पंधराएक जणांना ताप उलटतो, कावीळ आणि रक्तस्राव होतो, त्यातले निम्म्याच्या आसपास दगावतात. म्हणजे काहीही दिले किंवा काहीच दिले नाही, तरी बरे होणारे जास्त दिसणार. त्यातून त्या शरद ऋतूत अंग तापलेला प्रत्येक जण पिवळ्या तापाचाच रोगी म्हणून यायचा, साधा हिवतापवालाही. तो बरा झाला की श्रेय पुडीला. जो मेला तो उशिरा आला होता, किंवा त्याचे रक्त कमी काढले होते. अशा हिशेबात सिद्धांत हरूच शकत नाही.

तुलना करायला साधन होते, तेही शहरातच. बुश हिलच्या इस्पितळात फ्रेंच डॉक्टर झाँ देवेझ आराम, पातळ पेय आणि सौम्य उपचारांवर रोगी सांभाळत होते. तिथली व्यवस्था स्टीफन जिरार्ड आणि पीटर हेल्म या दोघा नागरिकांनी अंगावर घेतली होती. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना ताप आला तेव्हा एडवर्ड स्टीव्हन्स यांनी सिंकोनाची साल आणि थंड पाण्याच्या आंघोळी यांवर त्यांना बरे केले आणि हॅमिल्टननी ते जाहीरपणे सांगितले. हॅमिल्टन फेडरलिस्ट पक्षाचे पुढारी, रश विरोधी गटाकडे झुकलेला. झाले, वादाला पक्षाचा रंग चढला. दोन्हीकडच्या रोग्यांची वये, आजाराचा दिवस आणि शेवट शेजारी शेजारी मांडून पाहण्याचे काम कोणीच केले नाही. रक्त काढण्याचा असा आकडेवार हिशेब पॅरिसच्या पिएर लुई यांनी मांडला तो १८३५ मध्ये, रशला जाऊन बावीस वर्षे झाल्यावर.

एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. पैसेवाले गाव सोडून गेले, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन १० सप्टेंबरला बाहेर पडले, कित्येक डॉक्टरही गेले. रश हलला नाही. दिवसाला शंभरावर रोगी पाहायचा. त्याचे तीन विद्यार्थी आणि बहीण या साथीत गेली. तो स्वतः आजारी पडला तेव्हा त्याने तीच पुडी घेतली आणि तसेच रक्त काढून घेतले. आमच्या मते हीच अडचण होती. भित्रा किंवा लबाड डॉक्टर असता तर लोकांनी त्याचे इतके ऐकले नसते.

काळ्या लोकांना हा ताप होत नाही, असाही त्याचा समज होता. त्यावर विसंबून त्याने त्यांच्या फ्री आफ्रिकन सोसायटीला शुश्रूषेसाठी पुढे यायला सांगितले. रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी माणसे उभी केली. शुश्रूषा, प्रेते उचलणे, आणि रशकडून शिकून आठशेवर लोकांचे रक्त काढणे, सगळे त्यांनी केले. ती माणसेही इतरांसारखीच आजारी पडली आणि मेली. समज खोटा ठरल्याचे रशने नंतर मान्य केले. ऑक्टोबरअखेर थंडी पडली तशी साथ ओसरली. तोवर सुमारे पाच हजार माणसे गेली होती, दहातले एक.

प्रश्न : डेंग्यू आणि पिवळा ताप यांचा डास एकच म्हणतात. मग पिवळा ताप आपल्याकडे का नाही? माझा मुलगा द्राक्षांच्या व्यवहारासाठी केनियाला जाणार आहे, लस लागेल का? — द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : डास तोच, एडिस इजिप्ती. पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा. १७९३ मध्ये तो जहाजावरच्या आणि घरोघरच्या पाण्याच्या पिंपांत वाढला. पिवळ्या तापाचा संबंध डासाशी आहे हे क्यूबाचे कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडले आणि १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते सिद्ध केले. गंमत म्हणजे डेंग्यूचे जुन्यातले जुने नीट वर्णन रशचेच आहे. १७८० च्या साथीतल्या रोग्यांची अंगदुखी त्याने लिहून ठेवली. हाडे मोडल्यासारखा हा ताप, असे लोक म्हणत.

पिवळ्या तापाचा विषाणू भारतात रुजलेला नाही, मात्र डास इथे मुबलक आहे. म्हणूनच सरकार बाहेरून येणाऱ्यांबाबत कडक असते. केनिया जोखमीच्या देशांच्या यादीत आहे. मुलाला लस घ्यावीच लागेल. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, यादी केंद्रीय आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. पासपोर्ट सोबत न्यावा, कारण त्याचा क्रमांक प्रमाणपत्रावर चढतो. डोस एकच. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. लोक फसतात ते इथेच : तिकीट आठ दिवसांवर आले की धावपळ करतात आणि दहा दिवस भरत नाहीत. परतताना वैध प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, गरोदरपण किंवा साठीपुढचे वय असेल तर केंद्रातल्या डॉक्टरांना आधी सांगावे.

बागेपुरते सांगायचे तर फवारणीसाठी भरून ठेवलेले दोनशे लिटरचे ड्रम हे एडिसचे आवडते ठिकाण. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम पूर्ण उपडा करायचा. नुसता उपडा करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटतात आणि कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने जिवंत असतात, पुन्हा पाणी भरले की फुटतात. आतली कड काथ्याने घासा, मग वाळवा. बांधावर टाकलेले टायर आणि कुलरची टाकी यांनाही हेच लागू.

प्रश्न : वॉशिंग्टन यांच्याशी रश यांचे काय बिनसले? — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : लष्करी रुग्णालयांवरून. १७७७ मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, रश लष्कराचा वैद्यकीय अधिकारी झाला. त्याच वर्षी त्याने सैनिकांच्या आरोग्यासाठी सूचना छापल्या, त्या आजही पटतात : केस बारीक ठेवा, अंग आठवड्यातून दोन-तीनदा धुवा, ओल्या कपड्यांत झोपू नका, तळ दलदलीपासून लांब ठोका, रम कमी आणि भाज्या जास्त. त्या युद्धात गोळीपेक्षा रोगाने जास्त सैनिक मेले. बराकीत उवांनी पसरणारा टायफस खोल्या खचाखच भरल्याने वाढतो हे त्याला दिसत होते.

रुग्णालयांचा प्रमुख कोण? तेच डॉ. शिपेन, ज्यांच्या व्याख्यानांना तो बसायचा. औषधे आणि वाइन यांची अफरातफर होते, मृतांचे आकडे लपवले जातात, असे आरोप रशने केले. रुग्णालय चालवणारा आणि सामान खरेदी करणारा एकच अधिकारी असू नये, ही त्याची मागणी योग्यच होती. काँग्रेसने शिपेनना पाठीशी घातले आणि जानेवारी १७७८ अखेर रशने राजीनामा दिला.

पण त्याआधी, १२ जानेवारीला, त्याने व्हर्जिनियाचे गव्हर्नर पॅट्रिक हेन्री यांना निनावी पत्र लिहून वॉशिंग्टनऐवजी दुसरा सेनापती हवा असे सुचवले होते. पत्र जाळून टाका, असेही लिहिले. हेन्रींनी ते जाळण्याऐवजी थेट वॉशिंग्टनकडे पाठवले आणि वॉशिंग्टननी अक्षर ओळखले. तक्रार खरी असताना असला आडवळणाचा उद्योग कशाला करावा, हे कळत नाही. राष्ट्रीय राजकारणातली त्याची वाट तिथेच अरुंद झाली. १७८७ मध्ये पेन्सिल्वेनियाने राज्यघटना स्वीकारावी म्हणून तो जेम्स विल्सन यांच्यासोबत हिरिरीने लढला, ते त्याचे शेवटचे मोठे राजकीय काम.

प्रश्न : रश टांकसाळीचे खजिनदार होते असे वाचले. डॉक्टरला हे काम कसे जमले? — नोटा छापखान्यातले निवृत्त कर्मचारी, नाशिकरोड

उत्तर : तुमच्याकडे कागद आणि शाई, तिथे सोने-चांदी. लोक धातू आणून टांकसाळीत जमा करत आणि तयार नाणी घेऊन जात. या देवघेवीचा हिशेब आणि जबाबदारी खजिनदाराची. १७९२ च्या कायद्याने पगार वर्षाला १,२०० डॉलर. काम पूर्णवेळ नव्हते, प्रॅक्टिस सांभाळून व्हायचे.

नेमणूक नोव्हेंबर १७९७ ची, राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी केलेली. त्या वर्षी पुन्हा पिवळा ताप आला होता आणि विल्यम कॉबेट हा पत्रकार रशच्या उपचारांवर तुटून पडला होता. रोगी घटले, मिळकत आटली. ॲडम्स जुने मित्र, त्यांनी हात दिला. रशने कॉबेटवर बदनामीचा दावा लावला आणि ५,००० डॉलरची भरपाई मिळवली. निकाल १४ डिसेंबर १७९९ चा. त्याच दिवशी व्हर्जिनियात वॉशिंग्टन वारले. घसा सुजला होता आणि डॉक्टरांनी एका दिवसात चार वेळा त्यांचे रक्त काढले होते. खजिनदारी रशकडे १८१३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत राहिली, मग मुलगा जेम्सकडे गेली. तोही डॉक्टरच.

प्रश्न : मनोरुग्णांना खुर्चीला बांधणारे हेच का? मग अमेरिकेतले मानसोपचाराचे जनक त्यांना का म्हणतात? — समुपदेशक, गंगापूर रोड

उत्तर : हेच. १७८३ पासून तो पेन्सिल्वेनिया हॉस्पिटलमध्ये होता. वेडे समजले जाणारे रोगी तळघरात, थंडीत साखळदंडांत असत आणि गंमत म्हणून बघायला लोक येत. रशने स्वतंत्र आणि उबदार खोल्या मागितल्या. रोग्याला काम द्या, त्याच्याशी बोला, हा आजार आहे, पाप नव्हे, असे लावून धरले. १८१२ चे त्याचे पुस्तक हे या विषयावरचे अमेरिकेतले पहिले पाठ्यपुस्तक.

खुर्ची त्याच पाच-सात वर्षांतली. जड लाकडी आरामखुर्ची, छाती, पोट, मनगटे आणि घोटे यांना पट्टे, डोक्याभोवती लाकडी खोका म्हणजे मान हलणार नाही आणि काही दिसणार नाही, बैठकीखाली मलपात्र. वेड म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा विकार, तेव्हा हालचाल थांबवून मेंदूकडचा रक्ताचा वेग कमी करायचा, हा हेतू. म्हणजे तापातला सिद्धांत इथेही. जखडजाकिटापेक्षा हे सुसह्य, असे त्याला वाटे. तासन्‌तास न हलल्याने काय होते ते तुम्हाला सांगायला नको : दाबाचे व्रण, पायांत रक्ताच्या गुठळ्या, वाढलेली भीती. त्याचा थोरला मुलगा जॉन द्वंद्वयुद्धात मित्राला मारून बसल्यावर खचला आणि याच रुग्णालयात दाखल झाला. वडिलांच्या पश्चातही तो तिथेच दोन तपांहून जास्त राहिला.

थोडक्यात उत्तरे

*गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या रशकडे स्वतःचा गुलाम होता हे खरे का? (द्वारका)* — खरे. विरोधाची पुस्तिका १७७३ ची. नंतर त्याने विल्यम ग्रबर याला विकत घेतले, १७८८ मध्ये मुक्ततेचा करार लिहिला आणि मुक्त केले १७९४ मध्ये. पेन्सिल्वेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा तो १८०३ पासून अध्यक्ष होता.

*आमच्याकडे वायनरी आहे. रश दारूविरोधी होते ना? (गंगापूर धरण परिसर)* — गाळलेल्या दारूच्या विरोधात होता : रम, जिन, ब्रँडी. त्याने छापलेल्या ‘नैतिक तापमापका’त पाणी सर्वांत वर. वाइन आणि बिअर शून्याच्या वरच, पण जेवणासोबत आणि थोडी घेतली तर. शून्याखाली कडक दारू, तिचे रोग, कर्ज, तुरुंग आणि शेवटी फाशीचा खांब.

*ल्युइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेशी त्यांचा संबंध? (येवला)* — पश्चिमेकडचा अनोळखी मुलूख धुंडाळणारी ही मोहीम. १८०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी तिचा प्रमुख ल्युइस याला रशकडे धाडले. आरोग्याचे नियम आणि कॅलोमेल-जॅलपच्या पन्नास डझन गोळ्या सोबत गेल्या. मोंटानातल्या त्यांच्या एका तळावर शौचाच्या खड्ड्याच्या मातीत पाऱ्याचा अंश सापडला आणि त्यावरून जागेची खात्री पटली.

*ॲडम्स आणि जेफरसन यांचा अबोला त्यांनी मिटवला? (मालेगाव)* — हो, दोघांना दोन-अडीच वर्षे पत्रे लिहून. ॲडम्सनी १ जानेवारी १८१२ ला पहिले पत्र टाकले आणि पुढे चौदा वर्षे पत्रव्यवहार चालला.

*आपल्याकडे डॉक्टरकी करून राजकारणात गेलेले कोण? (भगूर)* — तुमच्याच गावचे डॉ. नारायणराव सावरकर, मुंबईत दंतवैद्य. नेत्रवैद्य डॉ. बा. शि. मुंजे, ज्यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा काढली.

*मुलगी फिलाडेल्फियात शिकते, रश यांच्या संबंधातले काय पाहता येईल? (महात्मानगर)* — क्राइस्ट चर्चची दफनभूमी, पाचवा रस्ता आणि आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. रशचा मृत्यू १९ एप्रिल १८१३ चा, कबर तिथेच. फ्रँकलिनचीही तिथेच आहे आणि जाहीरनाम्यावर सही केलेले आणखी तिघेही. तिथून दक्षिणेला चालत गेले तर आठवा रस्ता आणि पाइन स्ट्रीटला पेन्सिल्वेनिया हॉस्पिटलची जुनी इमारत लागते.